दोन माहेरांची मंजुळा

भांडण शेळीवरून लागलं.

चैताचं ऊन होतं. आमच्या समोरच्या घरी, तात्यासाहेबांच्या अंगणात, त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, बाजेवर जुनं लुगडं अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या. पहाटेपासून बाई चीक शिजवून सोऱ्या दाबत होती, दंड भरून आले होते. घोटभर पाणी प्यावं म्हणून ती आत गेली, तेवढ्यात कुठनं तरी एक काळी शेळी आली, पुढचे दोन पाय बाजेवर ठेवले आणि पंगतीला बसल्यासारखी खाऊ लागली. मी दारात ज्वारी निवडत होते. मी हाड हाड केलं, पण शेळीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

द्वारकाबाई बाहेर आली, तिनं शेळीचं दावं धरलं आणि मनगटाला दोन वेढे देऊन उभी राहिली. तेवढ्यात शेळीची मालकीण धावत आली. अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी, उन्हानं रापलेली, पदर कमरेला खोचलेला. तात्यासाहेबांच्या नदीकडच्या शेतात त्या वर्षी सोनाजी धनगराची मेंढरं बसवली होती. रात्रभर मेंढरं रानात बसली की लेंडीखत होतं, म्हणून आमच्याकडं उन्हाळ्यात मेंढरं बसवतात. ही त्या सोनाजीची लेक, मंजुळा.

"सोडा माही शेळी," मंजुळा म्हणाली.

"सोडा म्हनं! निम्म्या कुरडया खाल्ल्या तिनं."

"निम्म्या कुठं? अजून ढीग दिसायलाय की."

"डोळे फुटले का गं तुहे?"

"माहे डोळे धड हायेत. तुमी वाळवण राखायचं सोडून आत निजायला गेलत्या, त्याला शेळी काय करीन?"

"मी निजायला गेल्ते? मी?"

"मंग उन्हात कुरडया टाकून मानूस जातं कुठं?"

गावात द्वारकाबाईला असं उलटून बोलायची कुणाची छाती नव्हती. आजूबाजूच्या बाया कामं टाकून आल्या. पारावरची माणसं उठून आली. आमच्या गावात तेव्हा करमणुकीला दुसरं काही नव्हतं.

मला मात्र काहीतरी चमत्कारिक वाटायला लागलं. द्वारकाबाईनं डावा हात कमरेवर ठेवला, तर पोरीचाही डावा हात कमरेवर होता. द्वारकाबाई बोलताना टाच आपटायची, ही पण आपटायची. द्वारकाबाईची सवय अशी, की समोरच्याला सवाल करायचा आणि जवाब पण आपणच द्यायचा. पोरगी तेच करत होती. दोघींच्या भुवया जाड, मधोमध भिडलेल्या. मी इकडं बघायचे, तिकडं बघायचे. शेजारच्या आशाबाईनं मला कोपर मारलं. तिलाही तेच दिसत होतं, पण बोलायची हिंमत कुणाला होईना.

ओट्यावर द्वारकाबाईची सासू दगडाबाई बसलेली होती. म्हातारीचे डोळे कधीचेच गेले होते, पण कान तिखट. ती बराच वेळ मान वाकडी करून ऐकत होती. शेवटी वैतागून ओरडली,

"द्वारके! एकटीच दोन्हीकडून कामून भांडायलीस गं?"

लोक फसकन हसले. मग हसू हळूहळू विरत गेलं. द्वारकाबाईनं तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. तिनं पहिल्यांदा त्या पोरीकडं नीट बघितलं. मनगटावरचं दावं सैल झालं, शेळी सुटली आणि परत कुरडयांकडं गेली. तिला कुणी हाकललं नाही.

आता मागचं सांगायला पाहिजे.

पोलीस ॲक्शन झाली त्या पावसाळ्यात रझाकार येणार अशी आवई उठली आणि आमचं अख्खं गाव गंगेकडं पळालं. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. पलीकडं नगर जिल्हा, तिथं निजामाचं राज्य नव्हतं. काठावर ही गर्दी, नावा थोड्या, पाण्याला ओढ. तात्यासाहेब आणि द्वारकाबाईची पहिली मुलगी आवडा, तिला तेव्हा चालायला लागून नुकतं वर्ष झालं होतं. तात्यासाहेबांना वाटलं पोरगी आईजवळ आहे, द्वारकाबाईला वाटलं बापाच्या कडेवर आहे. नाव मध्यावर गेली तेव्हा दोघांनी एकमेकांचे मोकळे हात बघितले. द्वारकाबाईनं पाण्यात उडी टाकली होती, तिला माणसांनी केसाला धरून वर ओढलं. पुढं पलटण आली, निजाम शरण गेला, माणसं गावाला परतली. आवडा मिळाली नाही. काठावर शोधलं, पाण्यात शोधलं, पैठणपर्यंत माणसं पाठवली. पुढं दोन पोरं झाली, घर भरलं. पण नवरा-बायको कधी भांडले की शेवटी गाडी तिथंच यायची. "तुमच्याजवळ होती." "तुझ्याजवळ होती."

त्या दिवशी अंगणातून द्वारकाबाई जी निघाली ती अनवाणी. मंजुळाला तिनं काही सांगितलं नाही, नुसतं दंडाला धरलं आणि नदीकडच्या शेताकडं चालायला लागली. मंजुळाही तिच्याबरोबर गेली, कारण तिला वाटलं ही बाई तिच्या बापाकडं तक्रार घेऊन चालली आहे. मागून आम्ही सगळे. तात्यासाहेब मळ्यात मोट बघत होते, त्यांना कुणीतरी हाक मारली, ते धोतराचा सोगा धरून धावत आले.

सोनाजी बाभळीखाली लोकर कातरत बसला होता. गर्दी येताना दिसली आणि त्यानं हातातली कातर खाली ठेवली. त्याची बायको सखूबाई चुलीपुढून उठली. तिनं आधी द्वारकाबाईकडं बघितलं, मग मंजुळाकडं, आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"मी सांगितलं व्हतं," ती नवऱ्याला म्हणाली. "ह्या काठाला मेंढरं आनू नका म्हनून. सांगितलं व्हतं का नाय?"

कुणी काही विचारायच्या आत अशी ती बोलून बसली.

द्वारकाबाईच म्हणाली, "ही पोरगी कुठं घावली तुमाला?"

सोनाजी साधा माणूस. त्याला खोटं बोलता आलं असतं तर त्यानं बोलून टाकलं असतं. तो म्हणाला, "वाघरीत घावली. गंगंच्या काठाला कोकरं जाळीच्या वाघरीत कोंडली व्हती. सखूनं दिस उगवायला कोकरं सोडली, तर त्यात ही बसलेली. कोकराचा कान तोंडात धरून चोखायली व्हती."

"कोकराचा?" मंजुळा म्हणाली. तिला आपण सापडलो आहोत हे लहानपणापासून ठाऊक होतं, पण कानाचं कुणी सांगितलं नव्हतं.

"मंग विचारायचं नाय का कुणाला?" द्वारकाबाईचा आवाज चढला. "कुणाची पोर हाय, कोण रडत असंल, काही वाटलं नाय?"

"इचारलं की बाई. ह्याच गावात इचारलं. तुमी लोक पल्याडून परत आल्यावर मी आलतो. देवाची आन."

"कुणाला विचारलंस?"

"पारावर एक मानूस बसला व्हता. मोठ्या मिशा, कानाला रुमाल बांधलेला. त्याला इचारलं, की मालक, कुणाची पोर हरवली का? तो नुसता मान हालवत बसला."

सगळ्या गावानं एकदम मागं वळून बघितलं. आमच्या गावचे काकासाहेब, त्याच मोठ्या मिशांचे, गर्दीत उभे होते. कानाशी ढोल वाजवला तरी त्यांना पत्ता लागत नसे. निजामाची तोफ उडाली असती तरी त्यांनी कूस बदलली नसती. सगळे आपल्याकडं बघतात म्हटल्यावर त्यांनी आता पण मान हलवली.

"अरे, ह्यांना?" तात्यासाहेब पुढं सरसावले. "ह्यांना ऐकू येत नाय! दिसलं नाय का तुला, की मानूस बहिरा हाय म्हणून?"

सोनाजीनं मान खाली घातली.

"दिसलं की मालक. म्हनून तर त्याला इचारलं."

एक मेंढरू खोकलं तेवढंच.

द्वारकाबाईनं हात उगारला. मला वाटलं आता ही सोनाजीच्या थोबाडीत देते. सखूबाई मध्ये येऊन उभी राहिली. म्हणाली, "मला मारा. ह्यांचा काय बी दोस नाय. ती कडंवर निजलेली व्हती. मी म्हनलं इचारा, पन हळू इचारा. लगीन झाल्यापून मोकळी फिरले मी बाई. माह्या कडंवर कधी काय नव्हतं."

द्वारकाबाईचा हात तसाच वर राहिला. मग तो खाली आला आणि तिनं विचारलं,

"काय खायला घालायचीस तिला?"

"शेळीचं दूध. मंग ज्वारीच्या पिठाची पेज."

"बाजरी?"

"बाजरी नाय सोसत तिला. पोट फुगतं."

"तवा पण फुगायचं," द्वारकाबाई म्हणाली. "गोवर आलता का?"

"आलता. लई भारी आलता. निंबाच्या पाल्यात निजवली. मी डोळ्याला डोळा लावला नाय."

"आन् निजल्यावर दात खाती का?"

"कराकरा. मेंढरं उठत्यात."

द्वारकाबाई तिथंच ढेकळात बसली. सखूबाई तिच्या शेजारी बसली. एक विचारत गेली, दुसरी सांगत गेली. पहिला पाय भाजला तो कधी, विंचू चावला तो कुठं, न्हाणं आलं तेव्हा काय केलं, सगळं. मध्येच द्वारकाबाई रडायची, मग सखूबाई रडायची, मग दोघी नाक पुसून पुढच्या सालाकडं वळायच्या. आम्ही बाकीचे उन्हात उभे. तात्यासाहेब आणि सोनाजी एकमेकांकडं बघायचं टाळत बाभळीच्या दोन अंगांना उभे राहिले.

मंजुळा किती वेळ गप्प बसणार?

"माह्याविषयी बोलायल्या ना तुमी?" ती म्हणाली. "मग मला पण विचारा की कायतरी."

तात्यासाहेब घसा साफ करून म्हणाले, "घरी चल, बाळ. तुहं घर हाय ते."

सखूबाईनं मंजुळाचं मनगट पकडलं. द्वारकाबाईनं दुसरं पकडलं. मंजुळा दोघींच्या मधी उभी राहिली आणि तिनं आपला हुकूम सोडला. दिवसा घरी येईन, रातीला मेंढरांत झोपेन. छप्पराखाली मला झोप लागत नाही. आणि मला आवडा म्हणा नाहीतर मंजुळा म्हणा, पण ओढू नका, माझे हात उखडतील.

महिनाभर तसंच चाललं.

सकाळी मंजुळा यायची आणि आमच्या गल्लीत दिवस सुरू व्हायचा. द्वारकाबाई आणि ती मिठावरून भांडायच्या, केस विंचरण्यावरून भांडायच्या, शेण कुठं टाकायचं ह्यावरून भांडायच्या. दगडाबाई ओट्यावर बसून तोंड भरून हसायची. "आता कसं घर भरल्यावानी वाटायलं," म्हणायची. द्वारकाबाई सोळा वर्षांचं पुरण एका महिन्यात वाटू बघत होती, पोरीचं पोट दोनदा बिघडलं. तिसऱ्यांदा पुरणाचा वास आला तेव्हा सखूबाई ताक घेऊनच आली. "बाई, हिला जित्ती ठिवायची हाय ना आपल्याला?" म्हणाली. दोघी ताकाचा लोटा मधी ठेवून गप्पा मारत बसल्या.

तात्यासाहेबांची मात्र पंचाईत. त्यांना पोरीशी बोलताच येईना. गंगापूरच्या बाजारातून ते जिलबी आणायचे, पुडी कोनाड्यात ठेवायचे आणि खाकरून निघून जायचे. एक दिवस मंजुळानं त्यांना दारात अडवलं.

"आवं, बोला की कायतरी."

"काय बोलू?"

"आई भांडती तसं भांडा."

"मला नाय येत भांडता."

"मंग शिका. मी शिकवते. मला म्हना, कुठं गेल्तीस इतका येळ?"

तात्यासाहेबांनी इकडं तिकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "कुठं गेल्तीस इतका येळ?"

"तुमाला काय करायचंय?" मंजुळा खेकसली.

तात्यासाहेबांना असं घरात कुणी खेकसलेलं नव्हतं. ते घोंगडीवर बसले आणि इतके हसले की पागोटं निसटलं. मी माझ्या दारातून बघितलं, हसताना ते डोळे पुसत होते.

पण मिरग जवळ यायला लागला. पावसाळ्यात धनगर आपल्या वाडीला परततात. सोनाजीची वाडी वैजापूरच्या अंगाला, माळावर. तो निघाला म्हणजे पोरीचं काय ते ठरवायला पाहिजे होतं. तात्यासाहेबांनी घाई केली. त्यांना वाटलं, चांगल्या घरी देऊन टाकू, म्हणजे कुणाकडं राहायचं हा सवालच उरत नाही. शहरात औरंगपुऱ्यात कापडाचं दुकान असलेलं त्यांच्या नात्यातलं एक स्थळ आलं. मुलगा, बाप आणि एक मामा, तिघं एसटीनं गंगापूरपर्यंत आणि पुढं छकड्यातून आले.

द्वारकाबाईनं पोहे केले. मंजुळाला नवं लुगडं नेसवून पाटावर बसवलं.

"स्वयंपाक येतो का?" मामानं विचारलं.

"येतो. भाकरी, कालवण. आन् मेंढी अडली तर कोकरू सोडवता येतं."

मामाच्या हातातला चमचा थांबला. मुलाच्या बापानं तात्यासाहेबांना बाजूला बोलावलं, पण आमच्याकडच्या भिंती पातळ. मी आत चहा गाळत होते, मला सगळं ऐकू आलं. पोरगी मामाकडं वाढली असं सांगायचं. धनगराचं नाव लग्नात निघता कामा नये. त्या नवरा-बायकोला मांडवात बोलवायचं नाही. पुढं येणं-जाणंही ठेवायचं नाही. एवढं केलं तर आमची काही हरकत नाही.

तात्यासाहेब विचारात पडले. भाऊबंदांत काय बोललं जात होतं ते त्यांच्या कानावर होतं. ते काही बोलणार, एवढ्यात द्वारकाबाई माजघरातून बाहेर आली. मी म्हटलं आता ही तोंड सोडते. पण नाही. ती शांतपणे मामाजवळ गेली, त्याच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली. मग मुलाच्या हातातली घेतली. मुलगा बिचारा घास चावत होता.

"पुन्हा भूक लागली तर आमच्याकडं येऊ नका," ती म्हणाली. "माही लेक त्यांच्या हातचं खाऊन मोठी झाली. त्यांना मांडवात जागा नाय, तर माह्या घरी तुमाला बशी नाय."

छकडा वळला. तात्यासाहेब बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. मग उठून एकटेच नदीकडच्या शेतात गेले. सोनाजी कुत्र्यांना भाकरी टाकत होता.

"सोनाजी," ते म्हणाले, "तुमच्यात कुणी हाय का?"

सोनाजी गडबडला. "काय मालक?"

"पोरगा. तिच्या जोगा."

सोनाजीनं सखूबाईकडं बघितलं. सखूबाईनं मंजुळाकडं बघितलं. मंजुळा एकदम कुत्र्यांवर ओरडायला लागली, कुत्री काही करत नसताना. त्यावरून तात्यासाहेबांच्या काय ते ध्यानात आलं.

पोरगा होता. बद्रीनाथ त्याचं नाव. गंगापूरच्या पलीकडं त्याची थोडी कोरडवाहू होती आणि मेंढरं. बापाच्या माघारी आई मनकर्णाबाईनं वाढवलेला. तिकडं पण लगेच जमलं असं नाही. त्यांच्या पंचांनी मिशीवर हात फिरवून विचारलं, पोरगी कुणाची? कुणब्याची असंल तर आपल्यात कशी? आमच्या भाऊबंदांनी विचारलं, धनगरात वाढली, आता आपली कशी? कालपर्यंत दोन्हीकडून तिला ओढत होते, आता दोन्हीकडून ढकलत होते.

ते मनकर्णाबाईनं मिटवलं. ती स्वतः आली, मंजुळाला म्हणाली, "चल, तुही मेंढरं दाव." दोघी दिवसभर रानात राहिल्या. दिवस बुडताना मनकर्णाबाई परतली, पंचांपुढं बसली आणि म्हणाली, "मेंढरांनी तिची जात इचारली नाय. मी पन इचारीत नाय. तुमाला इचारायची असंल तर तुमी जेवायला येऊ नका."

जेवायला येऊ नका म्हटल्यावर पंच नरमले.

लग्न तात्यासाहेबांच्या अंगणात झालं. निम्मे भाऊबंद रुसून घरी बसले. उरलेल्यांनी त्यांच्या वाटणीचं जेवून घेतलं. नवरीच्या मागं मामा उभा राहतो, तर इथं दोन मामा उभे राहिले, एक कोट-फेट्यात, एक घोंगडी खांद्यावर टाकून, आणि दोघांच्या धक्क्यानं नवरी अक्षता पडायच्या आधीच अंतरपाटापलीकडं पोचली. कन्यादानाला दोन जोडपी बसली. भटजी म्हणाले असं शास्त्रात नाही. द्वारकाबाई म्हणाली, शास्त्रात बसवा. त्यांनी बसवलं. ढोल वाजला आणि धनगरांची गडी माणसं रुमाल उडवत नाचली, आमची पोरं पण त्यांत घुसली.

पोरगी गेली. सोनाजीची मेंढरं वाडीला गेली. पाऊस लागला.

पुढचं मला मंजुळानंच सांगितलं, हसून हसून बेजार होत.

पंचमीचा सण आला. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला पोरीला माहेरी आणायचं, त्यासाठी घरचा माणूस मुराळी म्हणून जातो. तात्यासाहेबांनी भल्या सकाळी गाडी जुंपली, बैलांवर झुली टाकल्या. गाडीवान घेतला नाही, स्वतःच हाकायला बसले. ओढ्याच्या पुढं वाट मिळते तिथं बघतात तर समोरून सोनाजी तट्टावर बसून आलेला. डोक्याला नवं मुंडासं.

"राम राम मालक. कुठं?"

"बैल दावायला चाललो. पाय दुखायलाय एकाचा. तुमी?"

"मीठ आनायला."

दोघं थोडा वेळ बरोबरीनं गेले. तात्यासाहेबांनी हळूच बैलांना चुचकारलं. सोनाजीनं हळूच तट्टाला टाच मारली. ज्याचा पाय दुखत होता तो बैल पळायला लागला. मीठ आणायला निघालेलं तट्टू पण पळायला लागलं. दोघंही नुसते पुढं बघत होते.

काळी माती, वरून आठवडाभर पाऊस. पांदीत तात्यासाहेबांच्या गाडीचं चाक आसापर्यंत रुतलं. सोनाजी पुढं निघून गेला. बराच पुढं गेला. तात्यासाहेब गाडीतून उतरले, चाकाला खांदा लावला, पाय घसरून बसले. वर बघतात तर तट्टू परत येताना दिसलं.

"मीठ मिळालं का?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"दुकान बंद व्हतं," सोनाजी म्हणाला आणि मुंडासं काढून चाकाला भिडला.

मनकर्णाबाईच्या दारात गाडी आली तेव्हा दोघांचे नुसते डोळे ओळखू येत होते. मनकर्णाबाईनं सुनेला हाक मारली. "मंजुळे, बाहेर ये. दोन चिखलाचे गडी आलेत, त्यातला तुहा बाप कोनता ते सांग."

मंजुळा दारात आली. दोघांकडं बघितलं. "दोन्ही," म्हणाली आणि पाणी आणायला आत पळाली.

अंघोळी झाल्या, जेवणं झाली. सासू म्हणाली, "मुराळी दोन, सून एक. मी कुनासंगं धाडू?" त्यावर दोघांचं सुरू झालं. तात्यासाहेब म्हणाले, गाडी आमची. सोनाजी म्हणाला, वाट तर मी मोकळी केली. तात्यासाहेब म्हणाले, आमच्याकडं झोका बांधून झालाय. सोनाजी म्हणाला, आमच्याकडं सखूनं पोरीच्या नावानं कोकरू धरून ठेवलंय. मंजुळानं बोचकं गाडीत टाकलं, तट्टू गाडीच्या मागं बांधलं, दोघांना मागं बसवलं आणि कासरा स्वतःच्या हातात घेतला.

"आधी गंगापूरला जायचं," ती म्हणाली. "मला बांगड्या भरायच्यात. तवर कुनाकडं जायचं ते तुमी दोघं ठरवा."

गाडी चालायला लागली. दोघं बराच वेळ तणतणले. पाऊस उघडला होता, कपाशीच्या रानात पाणी चमकत होतं. मग तात्यासाहेबांनी चंचीतलं पान काढलं, अर्धं सोनाजीला दिलं.

"सोनाजी," ते म्हणाले, "ती सखूबाई वाटंकडं डोळे लावून बसली असंल."

"बसली असंल."

"आमच्या घरी दोन पोरं तरी हायेत. तिच्याजवळ कोन हाय? आधी तुमच्याकडं जाऊ द्या."

सोनाजी चटकन सरळ बसला. "नाय, नाय मालक. द्वारकाबाईनं किती वरसं पंचमी कोरडी काढली. आधी तुमच्याकडं."

"मी सांगायलोय ना, तुमच्याकडं."

"आन् मी नाय म्हनायलोय ना."

"तुमी ऐकनार का नाय?"

"तुमी कुनाचं ऐकता का?"

तात्यासाहेबांचा आवाज चढला, इतका की बैलांनी कान टवकारले. माणूस भांडायला शिकला होता. सोनाजीनं गाडीच्या दांडीवर मूठ आपटली. पुढं बसलेल्या मंजुळानं पदर तोंडाला लावला आणि कासरा हळूच ओढून धरला. बैल संथ चालायला लागले.

"भांडा," ती मागं न बघता म्हणाली. "गंगापूर यायला अजून लई येळ हाय."